मोठ्या फाटकावरचा टाका

डबा कंपनी बंद पडून बावीस वर्षं झाली, तरी लोक त्यांना 'कंपनीतले मिस्त्री' म्हणूनच ओळखायचे. कंपनी म्हणजे पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना. तेलाचे डबे, रंगाचे डबे, बिस्किटांचे डबे, बुटाच्या पॉलिशच्या बोटभर डब्या. "आमची कंपनी कशात गेली? डब्यात गेली!" हा विनोद मिस्त्रींनी इतक्या वेळा केला होता, की त्यांची बायको आता 'कशात' एवढं ऐकूनच उठून आत जायची. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची आणि मिस्त्रीही गल्लीच्या नादानं काकूच म्हणायचे.

मिस्त्री कंपनीच्या दुरुस्ती खात्यात वेल्डर होते. पुढे त्यांनी घराशेजारी पत्र्याची शेड ठोकून जाळ्या, कठडे, फाटकं बनवायचं दुकान चालवलं. या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काकूंनी शेडला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. "चाळीस वर्षं आगीकडे बघितलंत. आता माझ्याकडे बघा थोडं," त्या म्हणाल्या.

एका सकाळी मिस्त्री दारात बसून पेपराचे मोठे मथळे तेवढे वाचत होते. समोर एक बाई येऊन उभी राहिली. केस कापलेले, पँटच्या गुडघ्यांवर गंजाचे डाग, पायांत मजुरांचे जाड बूट.

"काका, मला वेल्डर हवाय."

चेहऱ्याआधी त्यांनी आवाज ओळखला. "भिंगरी?"

भिंगरी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव मिस्त्रींनीच ठेवलेलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. सगळा जीव तिच्यावर. शाळा सुटली की ती दप्तरासकट दुरुस्ती खात्याच्या मागच्या खिडकीशी हजर व्हायची. मिस्त्री तिच्या हातात जुन्या मुखवट्याची काळी काच द्यायचे आणि ती काच डोळ्यांवर धरून तासन् तास ठिणग्या बघायची. मग कंपनीत संप झाला, दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली. लोखंडाची शिल्पं बनवते, असं उडत उडत कानावर यायचं.

ती ओट्यावर टेकली आणि भराभर सांगू लागली. कंपनीची मोठी शेड वर्षअखेरीला पाडणार होते. तोवर नव्या मालकानं ती सहा महिने तिला वापरायला दिली होती. कंपनीचं आणि आसपासच्या वस्तीचं भंगार गोळा करून त्याचंच एक मोठं शिल्प तिला शेडमध्ये उभं करायचं होतं. "लोकांनी लांबून बघायचं नाही, आतून चालत जायचं. नाव ठेवलंय 'हजेरी'."

"इथे वेल्डर कमी आहेत का?" काकू आतून म्हणाल्या.

"पुष्कळ आहेत. पण हे लोखंड काकाला ओळखतं."

काकू बाहेर आल्या. सोळाव्या वर्षी शेवटची पाहिलेली पोर अडतीस वर्षांची होऊन समोर बसली होती. त्यांनी तिच्या गुडघ्यावरचा गंज पदरानं पुसून पाहिला, तो निघाला नाही. मग कपाट उघडून त्यांनी दुकानाच्या शेडची किल्ली आणून दिली. "दिवसाला दोन तास. वर एक मिनिट नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कंपनीच्या रस्त्याला लागले. हा रस्ता ते टाळतच आले होते. शिंप्याचं दुकान, सायकलवाला, फोटो स्टुडिओ, सगळ्यांची शटरं गंजून जमिनीला चिकटली होती. बसचा थांबा होता, पण बस येत नव्हती. चाळींच्या भिंतींतून झाडं फुटली होती. अर्ध्या खोल्यांना छप्पर नव्हतं. उरलेल्यांत माणसं होती, हे वाळत टाकलेल्या कपड्यांवरून कळायचं. रस्त्याच्या टोकाला मात्र नवी उंच इमारत झाली होती. तिच्या कुंपणावर हाताहाताला कॅमेरे होते, आणि ते इमारतीकडे नव्हे, चाळींकडे तोंड करून होते.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि पत्र्याचा वास आला. थंड, किंचित आंबूस. मिस्त्री तिथेच थबकले. या वासातच त्यांचं आणि थोरल्या भावाचं, दादांचं, तारुण्य गेलं होतं. दोघं भाऊ एका सायकलवरून कामावर यायचे; जाताना दादा पायडल मारणार, येताना मिस्त्री. आई दोघांचं जेवण मुद्दाम एकाच मोठ्या डब्यात भरून द्यायची. दादा छपाई खात्यात, हे दुरुस्तीत, दोन्ही शेडमध्ये अर्ध्या मैलाचं अंतर. "एका डब्यात दिलं की दोघांना एकत्र बसावंच लागतं," ती म्हणायची. मग दुपारचा भोंगा झाला की फाटकाबाहेरच्या बुटक्या कठड्यावर दोघं बसायचे. शंभरेक माणसं त्या कठड्यावर ओळीनं बसलेली असायची. कुणाच्या पोरीचं लग्न जमतंय, कोण घोरतो म्हणून बायको माहेरी गेली, साहेबाच्या नव्या टोपावर कावळा कसा बसला, सगळ्या बातम्या तिथेच फुटायच्या. पेपरात दुसऱ्या दिवशी येणारं कठड्यावर आदल्या दुपारी कळायचं.

"काका, हे ओळखतोस?" भिंगरीनं विचारलं.

जमिनीवर लोखंडी दात्यांच्या चार-पाच लांब पट्ट्या पडल्या होत्या. मिस्त्रींनी एक उचलली. दाते सारख्या अंतरावर, टोकं घासून गोल केलेली, एकही टाका बाहेर आलेला नाही. टाका म्हणजे दोन लोखंडं जिथे वितळून एक होतात ती जागा. मिस्त्रींचा टाका बोट फिरवलं तरी लागत नसे, असा लौकिक होता.

"माझंच काम. बघ, तीस वर्षांत एक दाता हलला नाही."

"कशासाठी होतं?"

"कठड्यावर बसवायला."

"कठड्यावर कशाला?"

मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली. "माणसं बसू नयेत म्हणून," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. साहेबांनी कागद दिला होता, त्यावर मापं होती. मापं बरोबर आली का, एवढंच त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. बसवून झाल्यावर ते आणि दादा डबा घेऊन एका झाडाखाली उभ्यानं जेवले होते, तेही आत्ता आठवलं.

पुढचे दोन महिने असेच गेले. भिंगरीनं कुठून कुठून आणलेली एकेक वस्तू पुढे करावी आणि मिस्त्रींनी तिची जन्मकथा सांगावी. चाळीतल्या सामाईक नळाभोवतीची जाळी. साहेबांच्या बंगल्यांकडे जाणारी पायवाट अडवणारा कठडा. बसथांब्याच्या बाकावरचे आडवे दांडे, कुणी आडवं होऊ नये म्हणून. झडतीची लोखंडी खोली, जेमतेम एका माणसापुरती. आणि ते फिरतं फाटक, ज्यातून एका वेळी एकच माणूस जायचा आणि गेला की वरचा आकडा एकानं वाढायचा. सगळं मिस्त्रींच्या हातचं. जोडता जोडता ते जुन्या गोष्टींत हरवायचे, हसायचेही. फिरत्या फाटकात छपाई खात्यातला एक ढेरपोट्या अडकला, त्याला तेल लावून काढावा लागला आणि आकडा मात्र तीन माणसांनी वाढला, ही गोष्ट त्यांनी चारदा सांगितली. पण सांगता सांगता मध्येच ते वळून बाकीच्या लोखंडाकडे बघायचे. वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी केलेली ती कामं त्यांनी कधी एका जागी पाहिलीच नव्हती.

शिल्प वाढत होतं. दोन्ही बाजूंना ठोकून सपाट केलेल्या डब्यांच्या भिंती, त्यांवर पुसट झालेली बिस्किटांची, तेलाची चित्रं. त्यांच्यामध्ये कठड्यांचा बोळ, पुढे पुढे अरुंद होत जाणारा.

"शेवटी बाहेर पडायला वाट कुठे?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाहीये."

"मग लोक काय करतील?"

"परत फिरतील. शेवटी काय आहे ते उद्या येतंय."

दुसऱ्या दिवशी ट्रकमधून कंपनीचं मोठं फाटक आलं. गजांच्या दोन फळ्या, प्रत्येक दोन पुरुष उंच. लिलावात कुणा कंत्राटदारानं घेऊन त्याच्या आवारात टाकून दिलं होतं. भिंगरी उत्साहानं एका फळीच्या कडेशी बसली.

"हे फाटक मी कशासाठी घेतलं सांगू? हा टाका बघ. संपात फाटक वेल्डिंग करून बंद केलं होतं ना, तो. पुढे कापताना शेजारून कापलंय, म्हणून अख्खा राहिला. किती वाकडातिकडा! कुठे गाठ आलीय, कुठे भोक पडलंय. इतकं लोखंड गोळा केलं, पण असा टाका कुठे नाही. ज्यानं मारला त्याचा हात नुसता थरथरत असणार."

मिस्त्री फाटकाशेजारी जमिनीवर बसले.

"काका? पाणी देऊ?"

"तो माझा आहे," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. संपाचा एकविसावा दिवस. दादा संपाचे पुढारी. दुरुस्तीवाल्यांना आत राहावं लागायचं, म्हणून मिस्त्री आत. सकाळी साहेब आले, म्हणाले, फाटक कायमचं बंद करा. "कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती, भिंगरे. 'नाही' म्हणता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. कागद आला की काम करायचं, एवढंच शिकलो होतो. मी मुखवटा चढवला आणि फाटकाशी गेलो. बघतो तर गजांच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, तुझे बाबा उभे. मागे दोनशे माणसं. मी पहिला टाका मारला. उघड्या डोळ्यांनी त्या उजेडाकडे बघायचं नसतं, डोळे भाजतात, हे सगळ्या कंपनीला माहीत. सगळ्यांनी तोंडं फिरवली. दादानं नाही फिरवलं. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही."

भिंगरी फाटकाला टेकून उभी होती. "बाबा दोन दिवस डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडले होते. आई विचारायची, तर म्हणायचे धूळ गेली."

"मला शेजाऱ्यांकडून कळलं. काकूच्या हातून डोळ्यांचं औषध पाठवलं. बाटली तशीच परत आली. मी दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. पुढे पाय उचलेना."

भिंगरी म्हणाली, "बाबांना सांगू?"

"त्याला काय सांगायचं? त्यानं बघितलंय सगळं."

"हात थरथरत होता, ते नाही बघितलं. तेव्हा ते उजेडाकडे बघत होते."

फाटक बोळाच्या शेवटी उभं करून दोन्ही फळ्या पुन्हा जोडायच्या होत्या. मिस्त्रींनी वेल्डिंगची सळी हातात घेतली आणि खाली ठेवली. "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग मी करते. तू जवळ उभा राहा."

तिनं जुन्या टाक्याशेजारी नवा टाका ओढला. मिस्त्री काळी काच धरून बघत होते. सरळ, एकसारखा, घाई नाही. खिडकीतून बघून बघून पोर हे शिकली होती.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी शहरातून चकचकीत बुटांची माणसं आली, तशीच चाळींतून जुने कामगारही आले. कुणी काठी टेकत, कुणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. फिरत्या फाटकाशी आल्यावर गंमत झाली. शहरातली माणसं घोळका करून उभी राहिली, पण जुने कामगार कुणी न सांगता एकामागे एक रांगेत लागले. फाटकातून पलीकडे गेलेला पहिला म्हातारा झडतीच्या खोलीत शिरला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. मागच्यानंही केले. त्याच्या मागच्यानं वर केले आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अरे, हात खाली घ्या! झडती घेणारा कधीच मेला!" तो ओरडला आणि सगळे खो खो हसले. मग एकेक जण हात खाली घेऊ लागला. एकानं आपल्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. भिंगरी बाजूला उभी राहून हे बघत होती. ती नंतर म्हणाली, आपण असं काही होईल म्हणून केलं नव्हतं. होईल हे माहीत असतं, तर कदाचित धीरच झाला नसता.

मिस्त्री बोळाच्या टोकाशी, फाटकापाशी उभे होते. अरुंद जागेत कुणी धडपडायला नको, म्हणून भिंगरीनं त्यांना तिथे नेमलं होतं. निदान तसं तिनं सांगितलं होतं. माणसं येत होती, फाटकाला हात लावून परत फिरत होती. आणि त्या रांगेत दादा आले.

बहात्तर वर्षांचे दादा. खांदे पडलेले, पण मान तीच, ताठ. मिस्त्रींना बाजूला व्हायलाही जागा नव्हती, बोळच तेवढा. दोघं समोरासमोर उभे राहिले. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बोट पुढे करून नव्या टाक्यावरून फिरवलं.

"हा कुणाचा?"

"भिंगरीचा."

"चांगला आहे." बोट जुन्या टाक्यावर आलं. एका गाठीवर अडखळलं, भोकात अडकलं, पुन्हा वर चढलं. "आणि हा?"

"माझा."

"खोटं. तुझा टाका असा नसतो."

"तो एकच तसा आहे, दादा."

दादांचं बोट टाक्याच्या खालच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मागून कुणी तरी ओरडलं, "पुढे सरका की! रात्र करता का इथेच?"

"थांबा रे!" दादा मान न वळवता गरजले, आणि सगळी रांग गप्प झाली. आवाजाला अजून तीच धार होती. मग ते खालच्या स्वरात म्हणाले, "त्या दिवशी तू मुखवट्याआडून काही तरी ओरडत होतास. सारखा ओरडत होतास. मला नीट ऐकू आलं नाही. मला वाटलं, 'सरका मागे' म्हणतोयस. मला. माझ्या धाकट्या भावानं मला मागे सरक म्हणावं!"

"मी म्हणत होतो, तोंड फिरव. डोळे जातील तुझे, दादा, तोंड फिरव."

दादांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"ते ऐकू आलं असतं तरी फिरवलं नसतं," ते म्हणाले. "मागे दोनशे माणसं होती. पुढारी होतो ना मी. पुढाऱ्यानं तोंड फिरवलं तर काय राहिलं? तुला साहेबाचा कागद होता, मला त्या दोनशे माणसांचे डोळे. दोघंही हुकमाचे ताबेदार." जरा थांबून ते म्हणाले, "औषधाची बाटली मी परत पाठवली नव्हती. तुझ्या वहिनीनं पाठवली. मला दिसतच नव्हतं, तर मी काय पाठवणार?"

"वहिनीनं?"

"तिचा राग माझ्यापेक्षा मोठा. आहे अजून. पण तूही एकदा तरी येऊन शिव्या खायच्या होत्यास. बावीस वर्षं, गाढवा! तीन गल्ल्या पलीकडे राहतोस."

मिस्त्रींनी मान हलवली. मागून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा नमून, "दादा, पाय दुखतात हो आमचे."

दादा परत फिरले. बोळ अरुंद, पायाखाली पत्र्यांच्या कडा. मिस्त्रींनी त्यांचा दंड धरला. दादांनी तो सोडवून घेतला नाही. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी भिंतींना पाठ लावून दोघांना वाट करून दिली. तेलाच्या गोष्टीतला तो ढेरपोट्या, आता काडीसारखा झालेला, डोळे पुसत होता.

वर्षअखेरीला शेड पडली. शिल्प एका संग्रहालयानं नेलं. भिंगरी स्वतः उभी राहून एकेक भाग ट्रकवर चढवत होती. पण ते पुढचं. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला. काकूंनी विचारलं, "मी येऊ सोबत?" ते म्हणाले, "नको. शिव्या एकट्यानं खाव्या." काकू म्हणाल्या, "खा, पण उपाशीपोटी नको," आणि त्यांना बळेच चार घास भरवून पाठवलं.

तीन गल्ल्या पार करायला मिस्त्रींना अर्धा तास लागला. दार ढकललेलंच होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळे केस पांढरे, हातात पोळपाट. त्यांनी मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलात? बरं झालं," वहिनी कोरड्या आवाजात म्हणाल्या. "ह्यांचा चष्मा सापडत नाहीये. सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय. मला वाकता येत नाही. जरा खाटेखाली बघता का, भाऊजी?"

मिस्त्रींनी बाह्या वर सरकवल्या आणि गुडघे टेकून ते खाटेखाली शिरले.